कुंदाचं उपोषण

आमच्या कुंदानं अन्न सोडलं तो दिवस नेमका आषाढी एकादशीचा होता, आणि सगळा घोटाळा तिथंच झाला. एरवी बशी तशीच राहिली असती तर घरात कुणीतरी विचारलं असतं, काय झालं रे बाबा तुला? एकादशीला मात्र आईनं बशीकडं बघितलं, कुंदाकडं बघितलं आणि हात जोडले. "मुक्या जनावराला कळतंय बघा. आणि तुम्ही सकाळपासून दोनदा खिचडी खाल्लासा."

संध्याकाळपर्यंत गल्लीत कुंदाची कीर्ती पसरली. विठ्ठलाच्या दर्शनाला निघालेल्या दोन बायका वाट वाकडी करून त्याला बघून गेल्या. एकीनं त्याच्या कपाळाला बुक्का लावला. कुंदा शिंकला आणि पायऱ्यांवर जाऊन पाठमोरा बसला.

कुंदा हा बोका आहे, हे इथंच सांगून टाकतो. तीन वर्षांपूर्वी समोरच्या विणकर मामांच्या मागाच्या शेडमध्ये कांड्यांच्या खोक्यात एक पिल्लू सापडलं. रंग अगदी बेळगावच्या कुंद्याचा, दूध आटून आटून तांबूस झाल्यावर येतो तो. म्हणून नाव कुंदा. नाव ठेवताना पिल्लू मादी आहे की नर हे बघायची कुणाला गरज वाटली नाही, कारण मराठीत कुंदा ही बाईच असते. चार महिन्यांनी कुंदानं गच्चीवर आपला आवाज लावला तेव्हा खुलासा झाला. तांबूस रंगाच्या मांजरांत चारांतले तीन तरी बोकेच निघतात, तो रंग एक्स गुणसूत्रावर बसलेला असतो आणि बोक्याकडं ते एकच असल्यानं त्याचं काम एका जनुकात भागतं, हे मला पुढं वाचनात आलं. तोवर नाव रूढ झालं होतं. शहराचं नाव २०१४ साली सरकारदरबारी बेळगावी झालं, पण मिठाईच्या दुकानातल्या कुंद्याला आणि आमच्या घरातल्या कुंदाला कुणी हात लावला नाही.

या नावाचा त्रास एवढाच, की मी पुण्याच्या बहिणीला फोनवर "कुंदानं कालपासून काही खाल्लं नाही गं" म्हटलं आणि ती रडायला लागली. आमची एक कुंदाआत्या आहे, हे माझ्या लक्षातच राहिलं नव्हतं. तिला बोका म्हणून सांगेपर्यंत तिनं मेव्हण्यांना गाडीच्या तिकिटाचं बघायला पाठवलं होतं.

द्वादशीला पारणं फिटलं. आईनं केळीच्या पानावर नैवेद्य वाढला, त्यातला वरणभात तुपाची धार सोडून कुंदाच्या बशीत गेला. कुंदा आला. बशीवर वाकला, हुंगलं, मिटक्या मारल्यासारखं तोंड हलवलं, एक पाय उचलून गालावरून फिरवला आणि आला तसा परत गेला. देवळात दर्शन घेऊन माणूस मागच्या मागं निघतो ना, तसा. असं त्यानं दुपारपर्यंत चार वेळा केलं. या चार वेळांत त्यानं आम्हाला सगळं सांगून टाकलं होतं. आम्ही ते ऐकलं नाही, कारण तोवर वडगावनं प्रकरण हातात घेतलं होतं.

वडगावबद्दल थोडं सांगायला हवं. बेळगावच्या दक्षिणेला, शहापूर, खासबाग आणि वडगाव असा सलग विणकरांचा पट्टा आहे. एका भिंतीला मराठी घर, दुसऱ्या भिंतीला कन्नड घर, आणि दोन्ही भिंती एकाच मागाच्या ठोक्यानं हादरतात. बाहेरगावचा पाहुणा पहिल्या रात्री झोपत नाही. आम्हाला उलट, माग बंद पडले की जाग येते. वीज गेली की सगळी गल्ली अंथरुणात उठून बसते आणि एकमेकांना विचारते, "काय झालं?" अशा ठिकाणी एखाद्या मांजरानं जेवण थांबवलं तर ते खासगी राहत नाही.

आणि न जेवणं म्हटलं की बेळगावचा माणूस एका विशिष्ट पद्धतीनं विचार करतो. १ नोव्हेंबर १९५६ ला हे गाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं, तेव्हापासून मोर्चा, धरणं, उपोषण हे शब्द इथलं पोर बाराखडीच्या आधी शिकतं. सीमेचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, म्हणजे आमच्या गल्लीत आता नोकरीला लागलेली पोरं त्या दाव्यापेक्षा वयानं लहान आहेत. त्याच्याही मागं जायचं तर गांधीजी आयुष्यात काँग्रेसचे अध्यक्ष एकदाच झाले, ते १९२४ च्या डिसेंबरात, इथं टिळकवाडीत भरलेल्या अधिवेशनात. तिथं त्या वेळी खणलेली काँग्रेस विहीर आमच्या घरापासून सायकलच्या टप्प्यात आहे. आणि ते बेळगावला आले ते दिल्लीतला एकवीस दिवसांचा उपास सोडून जेमतेम अडीच महिने झाल्यावर. सांगायचं एवढंच, की उपाशी बसलेल्याकडं बघून "याला भूक नाही" असं इथं कुणी म्हणत नाही. "याच्या मागण्या काय?" असं विचारतात.

द्वादशीच्या दुपारी पतसंस्थेतून जेवायला घरी आलो तर पडवीत पाच माणसं होती आणि मधे कुंदा. बैठक सुरू होती.

"कालचं लाक्षणिक होतं," कोपऱ्यावरचे निवृत्त मास्तर म्हणाले. त्यांनी स्वतः साखळी उपोषणात दोनदा बसून बघितलंय, त्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन आहे. "आज दुसरा दिवस. उद्या हे आमरण म्हणायचं."

"खरं, मागणी काय त्याची?"

मास्तरांनी कुंदाकडं निवेदन स्वीकारल्यासारखं बघितलं. कुंदानं डोळे मिटले. मांजर डोळे मिटून दूध पितं हे सगळ्यांना माहीत असल्यानं कुणीतरी लगेच दूध आणायला पळालं.

दुधाचीही सीमासमिती बसली. आमच्याकडं कर्नाटकाचं नंदिनी येतं. मास्तरांचं म्हणणं पडलं, की कोल्हापूरचं गोकुळ देऊन बघूया. दोन वाट्या शेजारी शेजारी ठेवल्या. गल्लीनं श्वास रोखला. कुंदानं दोन्ही वाट्यांच्या मधून चालत जाऊन दाराच्या उंबऱ्यावर बसकण मारली. इतकी निःपक्ष भूमिका आजवर कुठल्या आयोगाला घेता आलेली नाही. मोठ्या मांजरांच्या पोटात दूध पचवायचं रसायन बहुतेक वेळा उरतच नाही, दूध प्यायलं की पोट बिघडतं, हे डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं. आपल्या सगळ्या म्हणी, गोष्टी आणि पहिलीच्या पुस्तकातली चित्रं मांजराला दूध पाजतात. एवढ्या पिढ्या त्यांच्या पोटाचं काय झालं असेल कुणास ठाऊक.

मागच्या घरातल्या अज्जी काठी टेकत आल्या. त्यांचं बोलणं निम्मं कन्नड, निम्मं मराठी, आणि जोड कुठं आहे ते दिसत नाही. "एनात्री कुंदाग?" त्यांनी विचारलं. मग कुंदाच्या कानात बघितलं, शेपूट चाचपलं आणि निदान केलं, "नजर लागली की ओ. काल सगळ्या गल्लीनं बघितलं त्याला." मीठमोहऱ्या उतरून झाल्या. त्या चुलीत तडतडल्या म्हणजे नजर होती हे नक्की झालं. जाता जाता अज्जी म्हणाल्या, "नावच तसलं ठेवलासा. आमच्यात कुंदु म्हणजे कमी होणं." हे मला ठाऊक होतं, पण वेगळ्या वाटेनं. सरकारी कचेरीच्या फलकावर 'कुंदु-कोरते सभा' असं लिहिलेलं असतं. म्हणजे लोकांच्या तक्रारी, गाऱ्हाणी ऐकायची बैठक. तीन वर्षं आम्ही त्या बिचाऱ्याला दिवसातून वीस वेळा 'तक्रार, तक्रार' म्हणून हाका मारत होतो. अखेर त्यानं ती केली असेल तर त्याचं काय चुकलं?

मग पदार्थ येऊ लागले. आमच्या गावात आजारी माणसाला औषध नंतर, आधी खायला. कुणी तांदळाची पेज आणली. कुणी आंबोळीचा तुकडा. कुणी अंड्याची पोळी, भरपूर कांदा घालून. ती मीच खाल्ली, आणि बरं झालं, कारण कांदा-लसूण मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. आमच्या हिनं कॅम्पातल्या मासळी बाजारातून बांगडा मागवला. आईच्या स्वयंपाकघरात द्वादशीला मासा शिजवायचा म्हणजे वेगळा सीमाप्रश्न. शेवटी तो मागच्या अंगणात, वेगळ्या पातेल्यात, वेगळ्या चुलीवर शिजला, आणि त्या वासानं पाच गल्ल्यांतली मांजरं आमच्या कुंपणावर येऊन रांगेत बसली. कुंदाही उठला. पातेल्यापर्यंत आला. त्याच्या तोंडातून लाळेची एक बारीक तार खाली ओघळली. त्यानं जीभ बाहेर काढायचा प्रयत्न केला, मान झटकली, गालावर पाय घासला आणि मागं फिरला.

"बघा, मोह आवरला," मास्तर म्हणाले.

सगळ्यात शेवटी आला तो कुंदा. म्हणजे मिठाई. एका भाबड्या पोरानं घरून वाटीभर आणला, म्हणाला, "त्याच्या नावाचा आहे, खाईल." कुंदानं कुंद्याकडं ढुंकून बघितलं नाही. यात मात्र त्याचा खरंच दोष नव्हता. मांजराला गोड कळतच नाही. वाघ, चित्ता आणि घरातली माऊ, सगळ्यांचं गोड ओळखायचं एक जनुक मोडकं आहे, हे अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतल्या संशोधकांनी २००५ साली दाखवलं. माणसाच्या जिभेवर रुचिकलिका काही हजार, मांजराच्या जिभेवर जेमतेम पाचशे. त्याचं सगळं जेवण नाकानं चालतं. ज्या गावाची ओळखच एका गोड पदार्थानं होते, त्या गावात जन्मून त्याच पदार्थाचं नाव लावून हिंडणाऱ्या प्राण्याला त्याची चव आयुष्यभर कळणार नाही. याच्यावर कुणीतरी गंभीर काहीतरी लिहायला हवं. मी नाही.

रात्री नवसाचा विषय निघाला. आषाढ म्हणजे वडगावात मंगाईच्या जत्रेचे दिवस. जत्रेआधी गावात वार पाळतात, आणि जत्रेच्या मंगळवारी देवळापुढं मुंगीला शिरायला वाट नसते. नवस फेडायला कोंबडीची जिवंत पिल्लं देवळावर उडवायची जुनी चाल आहे. प्राणीप्रेमी मंडळींनी त्यावर पुष्कळ वर्षं आक्षेप घेतलाय. "कुंदा जेवू दे, एक पिल्लू उडवतो म्हणून बोला," असं एकानं सुचवलं. मांजर बरं व्हावं म्हणून कोंबडीचं पिल्लू हवेत सोडायचं, आणि खाली तेच मांजर बरं होऊन उभं! देवीलाही प्रश्न पडला असता, की कुणाचं ऐकायचं. आईनं तो ठराव फेटाळला.

एक जण अर्धी क्रोसिन घेऊन आला होता. "अंग गरम लागतंय," म्हणाला. मांजराचं अंग गरमच असतं. अडतीस-एकोणचाळीस सेल्सिअस हे त्याचं रोजचं. गोळी देणार एवढ्यात आमच्या हिनं ती त्याच्या हातातून काढून घेतली. तिला कारण माहीत नव्हतं, फक्त त्या माणसाच्या औषधांवर तिचा विश्वास नव्हता. त्या अविश्वासानं कुंदा वाचला. पॅरासिटामॉलची निकाल लावायची यंत्रणा मांजराच्या यकृतात जवळपास नसते. तेवढी अर्धी गोळी त्याला पुरली असती.

तिसऱ्या दिवशी सकाळी कुंदा हाक मारल्यावर उठला नाही, नुसता कान हलवला. मग मात्र माझ्यातला पतसंस्थेचा कारकून जागा झाला आणि मी रजा टाकली. विणकर मामांनी कांड्यांची वेताची टोपली दिली, वर मच्छरदाणीचा तुकडा बांधला. मामा मागं टोपली धरून बसले, मी स्कूटर चालवली. वाटेत भेटलेल्या प्रत्येकाला मामा ओरडून सांगत होते, "दवाखान्यात हलवतोय!" उपोषणकर्त्याची प्रकृती खालावल्यावर हलवतात तसं.

जनावरांच्या दवाखान्यात आमच्या आधी एक बैल, दोन शेळ्या आणि येळ्ळूरकडची एक म्हैस होती. म्हशीच्या मालकानं टोपलीत वाकून बघितलं.

"काय आहे?"

"मांजर."

"किती देतंय?"

"काय देतंय?"

"मग कशाला आणलासा?" त्यांनी अगदी मनापासून विचारलं. मला उत्तर सुचलं नाही. मामा म्हणाले, "उंदीर धरतंय," आणि ते धादांत खोटं होतं. कुंदानं आजवर धरलेल्या वस्तू म्हणजे एक झुरळ आणि माझा मोजा.

डॉक्टर तरुण होते. मी त्यांना एकादशीपासून सुरुवात करून सगळी हकिकत सांगितली, दोन्ही दुधांसकट. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तोंड उघडून बघितलं का कुणी?"

मी मामांकडं बघितलं. मामांनी माझ्याकडं बघितलं. दोन दिवसांत पंचवीसएक माणसं त्या मांजराला बघून गेली होती. त्याच्या मागण्या तपासल्या, दृष्ट काढली, शेपूट चाचपलं, कपाळाला बुक्का लावला. तोंड कुणी उघडलं नव्हतं.

"ताटाजवळ येतोय, वास घेतोय, लाळ गळतेय, गालावर पंजा मारतोय. याला भूक नाही असं कोण म्हणालं?" डॉक्टर म्हणाले. "भूक आहे. गिळता येत नाही."

मामांच्या पुतण्यानं मोबाईलवर वाचून पढवून पाठवलं होतं, म्हणून मी विचारलं, की भूक लागायची एक गोळी मिळते म्हणे, माणसांना उदासीवर देतात तीच मांजराला भुकेसाठी चालते. डॉक्टर म्हणाले, असते, मिर्टाझापिन म्हणतात, वापरतोही. पण का खात नाही हे बघायच्या आधी ती देणं म्हणजे दाराला बाहेरून कडी असताना आतल्या माणसाला पळायचं औषध पाजणं. मग त्यांनी आम्हाला चांगलं झापलं. माणूस उपास करून बारीक होतो, लठ्ठ मांजर उपास करून पिवळं होतं. दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही की अंगातली चरबी सुटून यकृतात जाऊन बसते, यकृत बंद पडायला लागतं, कावीळ होते, आणि मग त्याला खरोखरच भूक लागत नाही. म्हणून मांजरानं एक दिवस काही खाल्लं नाही तर लक्ष द्यायचं, दुसऱ्या दिवशी दवाखान्यात आणायचं. मांजराला एकादशी परवडत नाही. त्यातून हे पावणेसहा किलोचं.

कुंदाला टॉवेलात बटाटेवड्यासारखं गुंडाळलं, फक्त डोकं बाहेर. डॉक्टरांनी डाव्या हातानं वरचा जबडा धरला, उजव्या हाताच्या बोटानं खालचा दाबला आणि अंगठ्यानं हनुवटीखालच्या मऊ भागाला वर ढकललं. जीभ उचलली गेली. "या इकडं," ते मला म्हणाले. "दिसतंय?"

जिभेच्या मुळाशी, खालच्या बाजूला, एक निळीहिरवी रेघ होती. केसाएवढी. जिभेला वेढा घालून ती दोन्ही बाजूंनी मागं घशात उतरली होती, आणि जिथं टेकली होती तिथं जीभ कापल्यासारखी लाल झाली होती.

"दोरा," डॉक्टर म्हणाले.

मामा पुढं वाकले. त्यांनी चष्मा कपाळावर सारला आणि अर्धा मिनिट कुंदाच्या तोंडात बघत राहिले. पंचेचाळीस वर्षं मागावर काढलेला माणूस. ते काही बोलले नाहीत.

मांजराची जीभ काटेरी असते आणि ते काटे सगळे घशाकडं वळलेले. त्यानं केस विंचरले जातात, हाडावरचं मांस खरवडता येतं. पण एकदा दोरा त्यावर चढला की मांजराला तो थुंकता येत नाही. जितकी जीभ हलवेल तितका तो आतच जातो. मधला भाग जिभेखाली अडकला आणि टोकं पोटात पोचली, तर आतडं त्याला ओढून ओढून स्वतःच चुणीदार होत जातं, पायजम्याच्या नाडीवर कापड गोळा होतं तसं, आणि शेवटी दोरा आतडं कापतो. तोंडातून लोंबताना दिसो की मागून, तो कधीही ओढायचा नाही, हे डॉक्टरांनी आम्हाला दोनदा वदवून घेतलं. भुलीचं इंजेक्शन दिलं, जिभेखालचा फास कात्रीनं तोडला, पोट चाचपलं, शिरेतून सलाइन लावलं. "वेढा सुटलाय. आता बाकीचा आपणहून खाली यायला हवा. उलट्या झाल्या, पोट दुखायला लागलं, तर लगेच आणा. पोट उघडावं लागेल."

खाण्याचं पथ्य त्यांनी माझ्या पावतीच्या मागं लिहून दिलं. मऊ आणि कोमट, मांजराच्या अंगाइतकं कोमट, म्हणजे वास उठतो. फ्रीजमधलं थंड मांजराला अन्नच वाटत नाही. वाटी नको, पसरट बशी. पाणी जेवणापासून लांब. थोडं थोडं, पाच-सहा वेळा. आणि सर्वांत शेवटी, खाली दोन रेघा ओढून: गर्दी नको.

घरी आल्यावर गल्लीला हे शेवटचं पथ्य सांगणं फार अवघड गेलं. मास्तर लिंबूसरबताचा पेला घेऊन तयार होते. उपोषण सोडताना कुणाला तरी हातानं सरबत द्यावं लागतं, आणि ते कुणी द्यायचं यावर दुपारभर चर्चा होऊन त्यांचं नाव ठरलं होतं. मांजराला लिंबाचा वासही सोसत नाही म्हटल्यावर त्यांनी ते स्वतःच उभ्या उभ्या प्यायलं आणि उपोषण स्थगित झाल्याचं जाहीर केलं. मागे घेतलं नाही, स्थगित. या शब्दांतला फरक आमच्याकडं फार काटेकोर पाळतात.

कुंदा संध्याकाळी शुद्धीवर आला. हिनं कोंबडीचं बिनमिठाचं पाणी करून, मनगटावर थेंब टाकून बघितला आणि बशी पुढं सरकवली. तो वाकला. हुंगलं. आम्ही तिघं पडद्यामागं उभे. जिभेचा पहिला आवाज आला तेव्हा आईनं विठ्ठलाचं नाव घेतलं, आणि लगेच हिला म्हणाली, "ती बशी माझ्या भांड्यांत घालू नकोस."

पुढचे दोन दिवस माझं काम एकच होतं. अंगणाच्या कोपऱ्यातला कुंदाचा राखेचा डबा सकाळ-संध्याकाळ काटकीनं उकरून बघायचा. पतसंस्थेत बावीस वर्षं दुसऱ्यांची खाती तपासण्यात गेल्यामुळे हात स्थिर होता. मामा रोज दोनदा मागाचं बटण बंद करून विचारायला यायचे. इतक्या आपुलकीनं कुणी माझ्या परीक्षेचा निकालही विचारला नव्हता. तिसऱ्या दिवशी सकाळी तो मिळाला. हातभर लांब, गुंता झालेला. नळाखाली धुतल्यावर रंग जसाच्या तसा उजळला.

मामांना हाक मारली. ते धावत आले, दोरा काटकीवरून सरळ बोटांवर घेतला, पीळ उलगडला, उन्हात धरला, दोन बोटांत घासून बघितला.

"मोरपंखी," ते म्हणाले. "आपलाच. चार नंबरच्या मागावरचा. म्हटलं होतं ना मी!"

त्यांनी काही म्हटलेलं मला आठवत नव्हतं. मग उलगडा झाला. एकादशीच्या आदल्या दिवशी चार नंबरच्या मागावर मोरपंखी साडी चालू होती. भरलेली कांडी खोक्यावर ठेवून मामा चहाला गेले, परत येऊन ती धोट्यात घातली, तर ती अर्ध्यातच संपली. माग जुना, आडवा धागा संपला तरी थांबत नाही. धोटा रिकामाच इकडून तिकडं धावत राहिला आणि पदराजवळ चार बोटं ताण्याची नुसती जाळी पडली. व्यापाऱ्यानं त्या साडीत दोष काढून पैसे कापले. मामा सांगत होते, कांडी पूर्ण भरली होती, मी स्वतः भरली होती. व्यापारी म्हणाला, मग दोरा गेला कुठं, मांजरानं खाल्ला काय?

"असंच म्हणाला तो! याच शब्दांत!" मामांचा आवाज कापत होता.

त्यांनी खिशातून काडेपेटी काढली, काड्या माझ्या हातावर ओतल्या, दोरा घडी घालून आत ठेवला आणि पेटी बंद केली. मग डॉक्टरांची पावती मागितली. मी म्हटलं, तिच्या मागं पथ्य लिहिलंय, ती कशी देऊ? ते म्हणाले, झेरॉक्स काढून आणतो, आत्ता. जाताना दारात थांबले.

"दुपारी मोकळे आहासा काय? व्यापाऱ्याकडं जायचंय. कुंदालाही घेऊया. टोपली आहेच."

मी आत बघितलं. कुंदा बशी चाटून पुसून चुलीकडं निघाला होता.